रामनदीचा ६०० मीटरचा पट्टा: साफसफाईच्या पुढे काय करायचं?

काठावरचा:

नमस्कार मंडळी,

आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. ११ सभासद आणि रविवारी येणारे २५-३० स्वयंसेवक. पुण्यात रामनदीचा पाषाण तलावाच्या खालचा, सोमेश्वरवाडीच्या बाजूचा साधारण ६०० मीटरचा पट्टा आम्ही धरला आहे. ज्यांना ही नदी माहीत नाही त्यांच्यासाठी: भूगाव-भुकूमच्या बाजूच्या डोंगरांतून निघते आणि बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. उगमापासून संगमापर्यंत १८-१९ किलोमीटर.

सध्याची स्थिती अशी. कचरा निघतो, पण एक पावसाळा गेला की काठावर पुन्हा तेवढाच. उजव्या काठाने दोन नाले मिळतात, दोन्ही बारमाही वाहतात. खालच्या टोकाला पाणी तुंबतं तिथे अंदाजे १० गुंठे जलपर्णी आहे. काठावर राडारोड्याचे ढीग आणि त्यावर सुबाभूळ.

एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) सव्वादोन लाख द्यायला तयार आहे, पण त्यांच्या डोक्यात बाक, पदपथ आणि रंगवलेली भिंत आहे. कुणी म्हणतं बायोकल्चर म्हणजे घाण कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण सोडा, वास जातो. कुणी म्हणतं जेसीबी लावून पात्र खोल करा. पाणी तपासायचं तर कुठे, किती वेळा? जलपर्णी काढावी की राहू द्यावी? झाडं कोणती लावावीत? या कामाचा क्रम कसा असावा, हे जाणकारांनी सांगावं.

---

मोजपट्टी:

कचरा चालू राहू दे, पण तो पहिला प्रश्न नाही. मार्चनंतर तुमच्या पट्ट्यात जे वाहतं ते नेमकं काय आहे, हे आधी ठरवा. आपल्याकडच्या नद्या काळ्या पाषाणावरून वाहतात. त्या खडकात पाणी थोडंच साठतं, म्हणून होळीनंतर धार बारीक होत जाते आणि पुढे डोहांपुरतं पाणी उरतं. ही नदीची मूळ चाल आहे. मे महिन्यात रामनदी घोटाभर वाहत असेल, तर त्यातलं बहुतेक पाणी मोऱ्यांतून आणि संडासांतून आलेलं असतं. तेव्हा काम नाल्यांपासून सुरू करा.

दोन्ही काठ पायी चाला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. प्रत्येक पाइप, प्रत्येक ओघळ, प्रत्येक चेंबर यांचा फोटो आणि जीपीएस बिंदू घ्या. डावा-उजवा काठ हा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून सांगायचा असतो. निम्म्या लोकांची नोंद इथेच उलटी होते आणि मग ड्रेनेजची माणसं भलत्याच काठावर चेंबर शोधत फिरतात.

मग नाल्याचं पाणी मोजा. १० मीटरचा सरळ, एकसारखा भाग निवडा, दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधा. वर एक संत्रं सोडा आणि खालच्या दोरीपर्यंत किती सेकंद लागले ते बघा. संत्रं जवळजवळ बुडून वाहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली घेतली तर आकडा हमखास चुकतो. पाच वेळा करा, पहिली वेळ सोडून सरासरी घ्या. मधल्या भागात रुंदी मोजा. खोली पाच ठिकाणी मोजून तिचीही सरासरी काढा. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि त्याला ०.८५ ने गुणायचं, कारण पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं. उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येईल. त्याला ८६,४०० ने गुणलं की दिवसाचे घनमीटर.

एकदाच मोजून उपयोग नाही. सकाळी ७ ते ९ नाला भरून वाहतो, दुपारी ओसरतो, रात्री १० च्या सुमाराला पुन्हा वाढतो. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, दिवसाला चार मोजण्या तरी हव्यात. त्यातली एक पहाटे ३ ची असू द्या, ती सगळ्यात बोलकी असते.

सोबत साधा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा. नाल्याच्या तोंडापासून वर चालत दर २५-३० मीटरवर रीडिंग घ्या. आकडा जिथे एकदम उडी मारतो, त्याच्या आसपास जोडणी सापडते. रंग-वासही लिहा: करडं, साबणाच्या फेसाचं पाणी म्हणजे मोरीचं ताजं पाणी, काळं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं म्हणजे वर कुठेतरी तुंबून कुजलेलं, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग म्हणजे वर गॅरेज किंवा वॉशिंग सेंटर आहे का ते बघा.

बारमाही नाल्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. चेंबर चोकअप होऊन उतू जातंय, मुख्य मलवाहिनी फुटली आहे, किंवा इमारतीची ड्रेनेजची लाइन सरळ पावसाळी गटाराला जोडली आहे. पहिली दोन कारणं नेमक्या तक्रारीने सुटतात. ‘नदी घाण झाली आहे’ या तक्रारीचं काहीच होत नाही. ‘अमुक सोसायटीच्या फाटकासमोरचं चेंबर, सकाळी ८ ला झाकणातून पाणी वर, हा बिंदू, हे तीन दिवसांचे फोटो’ असं लिहिलं तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला माणूस जेटिंग मशीन कुठे पाठवायचं ते ठरवू शकतो. तिसऱ्या कारणाला नोटीस लागते, त्याला वेळ जातो.

एक गोष्ट कडक पाळा: कुठल्याही चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही, डोकंही आत घालायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो.

---

तिसरा दिवस:

पाणी तपासणीबद्दल. तीन ठिकाणं पुरेत: नाला मिळण्याच्या वर, खुद्द नाला, आणि मिळाल्यावर १००-२०० मीटर खाली, जिथे दोन्ही पाणी नीट मिसळलेलं असेल. दोन नाले आहेत म्हणजे पाच ठिकाणं. वर्षातून चारदा: ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च, मे. पैसे कमी पडले तर मार्च आणि मे सोडू नका.

मागायच्या तपासण्या: सामू (पीएच), विद्राव्य ऑक्सिजन म्हणजे डीओ, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), अमोनिया, फॉस्फेट, फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू). आंघोळीयोग्य पाण्याचे निकष लक्षात ठेवा: सामू ६.५ ते ८.५, डीओ लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये ५०० असावेत आणि २,५०० च्या वर कधीच नकोत. बीओडी ३ च्या वर गेला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या पट्ट्याला प्रदूषित म्हणतं आणि ३० च्या वर गेला की पहिल्या प्राधान्याच्या गटात टाकतं. २०२२ च्या त्यांच्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रातले.

नमुना घेताना प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. बाटली काठाशी नको, धारेच्या मधे, पृष्ठभागाखाली वीतभर. वरचा तवंग आत जाता कामा नये. बीओडीची बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत, अंधारात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. कोलिफॉर्मची बाटली प्रयोगशाळेनेच निर्जंतुक करून दिलेली हवी. तिचं तोंड नाल्यावर उभं राहून आधीच उघडून ठेवू नका आणि वर दोन बोटं हवा राहू द्या. सहा तासांत पोचवा.

वार बघून नमुना द्या. आपल्याकडे बीओडी २७ अंशांना तीन दिवस ठेवून बघतात. गुरुवारी लावलेला नमुना रविवारी वाचायला येतो आणि प्रयोगशाळा बंद असते. सोमवार ते बुधवार नमुना द्यावा. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेलीच प्रयोगशाळा घ्या, आणि त्या-त्या तपासणीसाठी मान्यता आहे का ते यादीत बघा. पुढे कुठे तक्रार न्यायची झाली तर तोच कागद उभा राहतो.

डीओ मात्र जागेवरच पकडावा लागतो. ३०० मिलिलिटरची काचेची, तिरक्या बुचाची बाटली, आत एकही बुडबुडा नको. पृष्ठभागाखाली पिपेटचं टोक नेऊन २ मिलिलिटर मॅंगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. नगरसेवकाला, सोसायटीच्या अध्यक्षांना नाल्याच्या वरची आणि खालची अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी धरून दाखवा. कुठलाही तक्ता एवढं सांगत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, अझाइड विषारी आहे. पुढचं आम्ल घालणं प्रयोगशाळेवर सोपवा.

वेळ दर खेपेला तीच ठेवा. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी डीओ फुगलेला दिसतो आणि पहाटे तळाला जातो. एकदा दुपारी, एकदा सकाळी मोजलं तर तुलना होत नाही.

---

लव्हाळा:

जलपर्णी काढावी, पण ती का वाढते हे विसरून काढू नये. तिचं खाद्य म्हणजे सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद. ते येत राहिलं की ती येणारच. तरी काढायची, कारण तुमच्या १० गुंठ्यांतली जलपर्णी पहिल्या पुरात सुटून मुळेत जाते, आणि जाताना पुलाखाली अडकून पाणी चढवते.

काढायची वेळ म्हणजे पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबर. तेव्हा पुराने धुवून नेल्यावर काठाला चिकटलेले थोडे पुंजके उरलेले असतात. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे डिसेंबरमधला अर्धा गुंठा अडीच महिन्यांत १६ गुंठे होऊ शकतो. लोक मे महिन्यात, फुलं आल्यावर, जेसीबी बोलावतात, तोवर बी तळाच्या गाळात पडलेलं असतं. ते १५-२० वर्षं टिकतं.

वजनाचा अंदाज आधी करा. दाट थरात चौरस मीटरला २०-३० किलो ओला माल निघतो. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा गुंठ्याला अडीच टन धरा. १० गुंठे म्हणजे २५ टन, ट्रॅक्टरच्या आठ-नऊ ट्रॉल्या. ३० माणसांनी एका रविवारी होणारं हे काम नाही. त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून काठावर दोन-तीन दिवस निथळू द्या, ट्रॉल्या निम्म्याने कमी होतील. पण निथळायला ठेवायची जागा पुराच्या खुणेच्या वर हवी. पाण्याकडेला ढीग रचून ठेवले की अवकाळी पावसाच्या एका सरीत सगळं परत आत.

वरच्या टोकाकडून खाली काम करा, नाहीतर साफ केलेल्या भागात वरचे तुकडे येऊन रुजतात. खालच्या टोकाला अडसर लावा: चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन मीटरचे तुकडे, दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवून, नायलॉनच्या दोरीत ओवलेले, खाली वीत-दीड वीत जाळी सोडलेली. दोर काठावरच्या झाडाला नको, स्वतंत्र खुंट्याला बांधा आणि मे अखेरीला काढून घ्या. पुरात तो राहिला तर तोच कचऱ्याचा बांध होतो. दोन रोपांना जोडणारी धावती खोडं तुटून मागे राहतात ती वेचणं हेच खरं काम. मोठ्या ढिगाऱ्यापेक्षा शेवटच्या बादलीभर तुकड्यांना जास्त वेळ द्या. दर पंधरवड्याला दोन माणसांनी काठाकाठाने फेरी मारून उरलेलं उचललं तर वर्षभर पट्टा मोकळा राहतो.

हात घालण्याआधी काठीने हलवा, थराखाली साप असतात. पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्या यावर घरटी करतात, तेव्हा जून ते सप्टेंबर हात लावू नका. तणनाशक कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. मेलेली जलपर्णी तिथेच बुडून कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजन खाते.

खत करायचं तर चिरून, शेण आणि सुका पालापाचोळा यांचे थर देऊन, दर पंधरा दिवसांनी पलटून तीन महिने. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते, त्यामुळे हे खत भाजीपाल्याला नको, काठावरच्या झाडांना वापरा.

---

पाणलोट:

बायोकल्चर आणि जेसीबी, दोन्हीला माझा विरोध आहे. कारणं सांगतो.

सांडपाण्यात जिवाणूंची कमतरता कधीच नसते, कमतरता असते ती ऑक्सिजनची आणि वेळेची. पाणी सेकंदाला २० सेंटिमीटरने वाहत असेल तर तुमचा ६०० मीटरचा पट्टा ते ५० मिनिटांत ओलांडतं. तुम्ही ओतलेलं कल्चर तासाभरात औंधच्या वाटेला लागलेलं असतं. वास दोन दिवस कमी होतो, बीओडी होता तिथेच राहतो, आणि महिन्याच्या महिन्याला बिल येत राहतं. कल्चर विकणाऱ्याला सांगा, आधी आणि नंतरचा बीओडी एनएबीएल प्रयोगशाळेतून दाखवा, मग बोलू.

खोलीकरणाचं नुकसान तर भरून न येणारं आहे. अशा नदीत डोह आणि खळाळ आलटून पालटून असतात. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेतं, डोहात मासे उन्हाळा काढतात. जेसीबीने एकसारखी चर पाडली की खळाळ जातो, डोह जातो, काठ उभा होतो आणि पहिल्या पुरात ढासळतो. जेसीबी फक्त टाकलेला राडारोडा उचलायला वापरा. ओळख सोपी आहे: विटा, फरशीचे तुकडे, गिलावा, प्लास्टिक एकत्र कालवलेलं असेल तर तो बाहेरून आणून टाकलेला. बारीक मातीचे आणि गोट्यांचे थर एकावर एक दिसत असतील तर तो नदीचा काठ आहे, तिथे हात लावू नका. मशीन काठावर उभं राहू दे, पात्रात नको. एप्रिल-मे मध्ये, जलसंपदा विभागाच्या आणि महापालिकेच्या लेखी परवानगीने. माल कुठे गेला याची प्रत्येक खेपेची पावती ठेवा. माती-मुरूम परवानगीशिवाय हलवला तर गौण खनिजाचा दंड संस्थेवर येतो.

बाक आणि पदपथाबद्दल: निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आहे. भराव घालून पदपथ केला की पात्र तेवढं अरुंद होतं आणि समोरच्या काठावरच्या घरांत पाणी शिरतं. कंपनीला पुराच्या नकाशावर पट्टा दाखवा, बाक आपोआप मागे पडेल.

नाल्यावर वनस्पतींची गाळणी करा असंही कुणीतरी सुचवेलच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र चांगलं आहे, पण आधी क्षेत्रफळाचा हिशेब मांडा. पाणी खडीतून दीड दिवस मुरत जायला हवं, खडीचा थर ६० सेंटिमीटर, त्यातली पोकळी ४० टक्के. म्हणजे दिवसाला ५० घनमीटरच्या नाल्याला सुमारे ३१० चौरस मीटर, तीन गुंठे. एवढी जागा कुठेतरी मिळू शकते. त्यापुढे जागा संपते.

लहान नाल्यावर केलंच तर गाळणीच्या आधी गाळ बसायची टाकी हवीच. ती वाचवली की सहा महिन्यांत खडी तुंबते आणि पाणी वरून वाहायला लागतं. खडी धुतलेली, १०-२० मिलिमीटरची. तोंडाशी आणि शेवटाला मोठे दगड. कर्दळ, पाणकणीस, लव्हाळा लावा आणि वर्षातून एकदा कापून बाहेर न्या. पावसाळ्याचं पाणी बाजूने काढून द्यायला सांडवा ठेवा, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात खडीसकट सगळं नदीत जाईल.

---

काठावरचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजून आलो.

पहिला नाला, सकाळी ८, बुधवार: रुंदी ८० सेंटिमीटर, खोली १२ सेंटिमीटर, १० मीटरला ४० सेकंद. हिशेब दिवसाला सुमारे साडेसतरा लाख लिटर येतो. हे बरोबर आहे का?

दुसरा नाला लहान आहे. दिवसा करडं पाणी, टीडीएस ४३०. पहाटे ३ ला धार बरीच कमी, पण थांबत नाही. तेव्हा पाणी जवळजवळ नितळ, टीडीएस २९०, आणि हवेत गारवा असून पाणी हाताला कोमट लागलं. याचा अर्थ काय?

---

मोजपट्टी:

पहिल्या नाल्याची खोली तुम्ही मध्यभागीच मोजलेली दिसते. पाच ठिकाणची सरासरी काढा, असा थाळीसारखा नाला असेल तर ती ८ च्या आसपास येईल. मग ०.८ × ०.०८ × ०.२५ × ०.८५ म्हणजे सेकंदाला १३.६ लिटर, दिवसाला पावणेबारा लाख. तोही सकाळच्या गर्दीच्या वेळचा आकडा आहे, चारही मोजण्यांची सरासरी याहून खाली येईल. मोठा आकडा लिहून पाठवला आणि त्यांनी येऊन मोजलं तर पुढची सगळी पत्रं बाजूला पडतात.

याच पावणेबारा लाखाला वरच्या फायटोरिडच्या हिशेबात घालून बघा: ७३ गुंठे लागतील. नदीकाठी तेवढी जागा नाही. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे माणशी १०८ लिटर. साडेचार माणसांचं कुटुंब धरलं तर हा २,४०० कुटुंबांचा ओघ आहे. तो मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्रालाच गेला पाहिजे. तुमच्या संस्थेचं काम ती जोडणी करणं नाही, ती कुठे तुटली आहे ते दाखवणं आणि जोडली जाईपर्यंत मागे लागणं.

दुसऱ्या नाल्याबद्दल खाली लिहितो, जरा सविस्तर लिहावं लागेल.

---

हिशेबनीस:

कागदपत्रांचं थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांची सरकारकडची नोंदणी) असल्याशिवाय कंपनीला तुमच्यामार्फत प्रकल्प करता येत नाही. त्यासाठी आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी हवीच. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही’ असं कंपनी सांगेल, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, तसंच दाखवा.

सव्वादोन लाखांत पदपथ होत नाही. मात्र नोंदी ठेवणारा एक अर्धवेळ माणूस, वर्षभराच्या पाणी तपासण्या, जलपर्णीच्या ट्रॉल्या, गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा एवढं बसतं. कचरा मोजायला ताणकाटा घ्या. ‘पोती’ हे माप अहवालात चालत नाही, आणि ओलं-सुकं वेगळं तोला. चिंध्या, गाद्या आणि साड्या वेगळ्या लिहा. वजनात त्याच सगळ्यात जास्त भरतात आणि कचरा गोळा करणारा त्या घेत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो. तेव्हा मलवाहिनीचा नकाशा, शुद्धीकरण केंद्राचं आत येणारं-बाहेर जाणारं पाणी आणि नाल्यावर दिलेल्या नोटिसा, असे तीन वेगळे अर्ज करा.

---

लव्हाळा:

झाडांचं राहिलं होतं. घाई करू नका, राडारोडा निघाल्यावर एक पावसाळा नुसतं बघा. उंबर, करंज आपोआप येतात आणि आपण लावलेल्यापेक्षा चांगले जगतात.

पात्रातल्या खडकांच्या फटीत शेरणी हे झुडूप, तिला पूर झोपवतो आणि ती पुन्हा उभी राहते. पाण्याच्या काठाला वाळुंज, त्याची अंगठ्याएवढी जाड फांदी जूनमध्ये ओल्या मातीत खोचली तरी फुटते. त्याच्या वर करंज, उंबर, जांभूळ, कळंब, अर्जुन. रोपं कमरेएवढी तरी हवीत, त्याहून लहान रोपं म्हशी आणि गवत दोन्हीखाली जातात. आधाराची काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा, म्हणजे वाहून आलेल्या चिंध्या काठीला अडकतात, रोपाला नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, तेवढीच झाडं लावा. पाणकणीस अरुंद पात्रात मुद्दाम लावू नका, तो पाणी अडवतो.

सुबाभूळ तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा विदेशी झाड म्हणून सूट देत नाही. एका वर्षी सगळं तोडू नका, उघडा पडलेला काठ पुरात जातो. शेंगा तपकिरी व्हायच्या आत त्या तोडून घेतल्या तरी प्रसार बराच थांबतो.

---

मोजपट्टी:

दुसरा नाला. रात्री सांडपाणी थांबल्यावर जे नितळ पाणी उरतं, ते एकतर जलवाहिनीची गळती असते किंवा झरा. दोन्हींतला फरक जागेवर कळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तपासणीचे थेंब टाकले की पिवळी छटा येते. धरणाच्या पाण्याचा टीडीएसही बराच कमी असतो, २९० नसतो. शिवाय गळती पाणी सोडायच्या वेळेनुसार कमी-जास्त होते. भूजलाचं तापमान मात्र वर्षभर जवळपास तेच राहतं, म्हणून गार हवेत ते कोमट लागतं. तुमच्या नोंदींवरून हा झरा असण्याची शक्यता मोठी आहे. रामनदीच्या काठाला, वर बावधनलाही, असे जिवंत झरे आहेत.

हे लवकर नक्की करा, कारण यात एक धोका आहे. ड्रेनेज विभाग असा नाला ‘बंद’ करतो तेव्हा बहुधा तोंडाशी भिंत घालून सगळं पाणी मलवाहिनीत वळवतो. मग झऱ्याचं पाणीही शुद्धीकरण केंद्राला जातं आणि नदीला काहीच उरत नाही. तुमच्या पत्रात हे आत्ताच लिहा: अडवणूक तोंडाशी नको, घरांच्या जोडण्या जिथे येतात तिथे वर करावी, आणि झऱ्याची वाट नदीपर्यंत मोकळी राहावी.

झरा शोधायला पहाटेच, टीडीएस पेन घेऊन वर चाला. खडकाच्या सांध्यात, विशेषतः दोन कातळांच्या मधे तांबडा, गेरूसारखा थर दिसतो तिथे बघा. हंसराज (ओलाव्याला वाढणारा नेचा) उगवला असेल, भर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ असेल, तर जागा तीच. सापडल्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचं कुंड बांधू नका, पाणी दुसरी वाट काढतं. पाच-सात मीटरच्या परिघातला राडारोडा हाताने काढा, तेवढं पुरे. एक नमुना नायट्रेट आणि कोलिफॉर्मसाठी द्या. दोन्ही जास्त आले तर वरच्या वस्तीतली मलवाहिनी जमिनीत गळते आहे.

मोजायला बादली पुरते. १० लिटरची बादली धारेखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते लिहा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तीच बादली. १२ सेकंद लागले तर दिवसाला ७२,००० लिटर. मे महिन्याचा आकडा इथे टाका, तो पाहून पत्राचा मसुदा एकत्र करू.